गुहेतल्या दोन कोऱ्या जागा

पांढरकवडा कॅम्प,
फाल्गुन, १९६२

प्रिय रजनी,

'होळीच्या आत सांगा, कॅम्प की संसार', असं दिग्रसला माहेरी बसून तू ठणकावलंस, आणि मी आपला इथं दगड मोजत बसलो. म्हणशील, नवरा गुहेत राहून आदिमानव झाला. जवळपास तसंच आहे गं. दाढी वाढलीय, अंगावर मातीचा थर आहे, आणि दुपारी गुहेच्या तोंडाशी पळसाची फुलं गळताना पाहत बसलो की आपण कुठल्या काळात आहोत तेच कळत नाही.

काम तुला ठाऊकच आहे. मजूर ब्रशनं माती झाडतात, दिसेल तो दगड मी जागच्या जागी कागदावर काढतो. तोवर कुणी हलवायचा नाही. हजारो वर्षांपूर्वी कुणीतरी इथं गारगोटी फोडून पाती केली, त्याच्या ढलप्या अजून पडल्यात. परवा सगळे कागद जोडून पाहिले आणि बाप्पा! ढलप्यांच्या मधोमध मांडी घालण्याएवढी कोरी जागा. तो तिथं बसला होता, ढलप्या त्याच्या गुडघ्यांभोवती उडाल्या. आणि त्याला लागूनच आणखी एक कोरी जागा. काम ना धाम, कुणीतरी नुसतंच सोबतीला बसलेलं.

तांड्यातली लालीबाई आमच्याकडे टोपल्या वाहते. तिला दाखवलं तर पदर तोंडाला लावून म्हणाली, बायकोच असन ते. तुमची कुठी हाये, साहेब? साऱ्या बाया खिदळल्या. मीही हसलो, पण त्या दिवशी डबा तसाच परत बांधून ठेवला.

संध्याकाळी तिथंच कडेला टेकलो. डोळे मिटले तर चुलीचा धूर आला, कुणीतरी हळू बोलत होतं. आवाज तुझा होता. भाजी अळणी झाली म्हणून माझ्यावरच रागावत होतीस. किती वेळ ऐकत राहिलो कोण जाणे.

काल उत्खननाच्या मोठ्या साहेबांनी मला कायमची नोकरी देऊ केली. पुढचा कॅम्प गोदावरीकाठी. मी नाही म्हणालो. जिवावर आलं, खोटं काहून बोलू? तुझ्या बाबांनी सुचवलेली शाळेतली ड्रॉइंग मास्तरची जागा अजून भरली नसेल तर मी घेतो, हेच सांगायला लिहितोय. भरली असेल तरी येतोच. या डोंगराची आठवण येऊन मी तोंड पाडून बसेन, तेव्हा खुशाल टोमणे मार. तुझ्याशिवाय करमत नाही, रजनी. शनिवारच्या एस.टी.नं निघतोय. चिडलेली असलीस तर चिडलेलीच ये, पण स्टँडवर ये.

तुझाच, अजून न्हायचा राहिलेला,
नीळकंठ