हरणी आणि पाटसची वरात

शिरूर, चैत्र १९७६

ती. हौसराव मामांस, तुमच्या भाच्याचा, जयसिंगाचा, मान खाली घालून नमस्कार.

तुमचा गुडघा आता कसा हाय? मामींचा दमा? सरदार घोडा दाणा खातो ना? (त्याचं विचारतानाही माझी कानशिलं तापतात.)

मामा, माझ्या हरणी घोडीचा पाय मुरगळलाच नव्हता. तुम्ही तिकडं दौंडला सरदारला खरारा करून बांधावर वाट बघत होतात, तवा मी पाटसला एका वरातीत होतो. बेत आपला ठरल्यासारखाच होता. फाल्गुनात घोडी सरदारला दाखवायची, म्हंजी शिंगरू पुढच्या माघात, हिरव्या चाऱ्याच्या दिवसांत. हरणी माजावर आली तशी मी तिला घेऊन निघालो. पाटसपाशी पाणी पाजत होतो, तर मारुतराव म्हणून एका नवरीचे वडील हात जोडत आले. नवरदेवाची घोडी लंगडायला लागली होती. तुमची घोडी देखणी हाय, वेशीपासून मांडवापर्यंत द्या, म्हणाले, आन् स्वतःच्या हातानं मला फेटा बांधला. (माझ्या लग्नातसुद्धा माझा फेटा उसना होता, तुम्हाला ठाऊक हाय.) घोडी माजावर हाय हे मी तवाच सांगायला पाहिजे होतं. सांगितलं असतं तर फेटा गेला असता, म्हणून गप्प बसलो.

वेशीत नवरदेव हरणीवर बसला, तर समोर टांग्याचं एक तट्टू सुटं उभं होतं. पोट नगाऱ्यासारखं, एक कान फाटका. हरणी त्याच्याजवळ जाऊन जी उभी राहिली ती हलेना. मी लगाम ओढला, चुचकारलं, शेवटी तिला हातसुद्धा जोडले. तट्टू हळूहळू तिच्या मागं सरकायला लागलं, तवा नवरदेव (साखर कारखान्यातला, फार सज्जन माणूस) वरून हलकेच म्हणाला, "पाव्हणं, मला आधी उतरवा. मग काय व्हायचं ते हूं द्या."

त्याला उतरवला आन् व्हायचं ते झालं. बायांनी पदर तोंडावर घेतले. वाजंत्रीवाले गोंधळून वाजवतच राहिले. मारुतराव सरळ माझ्यापाशी आले. माझ्या डोक्यावरचा फेटा काढून घेतला, नीट गुंडाळला, आन् जावयाला पायी चालवत मांडवाकडं गेले.

मी तिथूनच माघारी फिरलो आन् तुम्हाला मुरगळलेल्या पायाचा निरोप धाडला. तर मामींनी तुमच्या शेजारच्या दगडाबाईंबरोबर यष्टीनं आंबेहळद पाठवली. दगडाबाई लावून झाल्याबिगर हलेनात, म्हणून ती मी हरणीच्या धडधाकट पायाला चोळली. कुठल्या पायाला, हेसुद्धा मला क्षणभर ठरवावं लागलं. रागवा, मामा, पण तोडू नका.

तुमचा जयसिंग

ता. क. : हिकडं गावात मी हरणीचं होणारं शिंगरू सरदारचंच म्हणून सांगून बसलोय. कुणी विचारलं तर तुम्ही नुसतं खोकावं, एवढीच विनंती.

ता. क. दुसरा : वरचा ता. क. खोडला समजा. आज सकाळी हरणी पुन्हा माजावर आली, म्हंजी तट्टूचं काही पोटात राहिलं न्हाई. सरदारला पुन्हा खरारा करावा लागंल. टपालाला सवड न्हाई, पत्र मीच घेऊन निघालोय. तुमच्या हातात देऊन गोठ्यामागं उभा राहीन. वाचून झालं की हाक मारा. मामींना मोठ्यानं वाचून दाखवू नका.