तळघरातला संगणक आणि रविवारची मुदत

हार्टमुट,

मी बहिणीकडे जातेय, संध्याकाळी येईन. मसुराचं सूप करून ठेवलंय, फक्त गरम कर.

तू गुडघ्याच्या ऑपरेशनसाठी दवाखान्यात होतास, तेव्हा तुमच्या गटाच्या येन्सनं तुमची ऑपरेटिंग सिस्टिम सांभाळणाऱ्या सगळ्यांना मेलवर विचारलं होतं, "हा जुना प्रोसेसर अजून कुणी वापरतंय का? रविवारपर्यंत बोला, नाहीतर पुढच्या आवृत्तीतून काढून टाकू, मग ती त्यावर चालणार नाही." तुमच्यात गप्प राहणं म्हणजे होकार, हे ठाऊक असूनही मी तो मेल तुला दाखवला नाही. तो प्रोसेसर आपल्या तळघरातल्या संगणकाचा, आणि त्याच्यासाठी त्या थंडगार तळघरात तू पुन्हा उतरू नयेस, एवढंच मनात होतं. काल तो काढून टाकायचं ठरलं.

तुझी कचेरी बंद पडली तेव्हा तो संगणक आपण बर्फातून स्लेजवर घरी आणला होता. मी मागून ढकलत होते आणि तू ओरडत होतास, "बाईसाहेब, सावकाश! अंडी आहेत असं समजा!"

सकाळी येन्सला फोन करून खरं सांगितलं. म्हणाला, "काकू, त्यानं आज स्वतः लिहिलं तर काढायचं एक आवृत्ती पुढे ढकलतो."

तेव्हा लिही. संगणक मी चालूच ठेवलाय. पायऱ्यांना कठडाही बसवून घेतलाय. कितीही रागावलास तरी तो धरूनच उतर.

इर्मेला