शेवंतीचा साक्षीदार

घोडपदेव, जानेवारी १९५७

अहो,

गोळीबारात तुम्ही गेलात त्याला वर्ष झालं, तरी विम्याचे पैसे अजून अडलेत.

लग्नात ताटातल्या तांदळात अंगठीनं माझं नवं नाव कौसल्या लिहिलंत ते तुम्हीच. चाळीत, रेशनकार्डावर मी कौसल्याच. पण खोलीत कोणी नसलं की माहेरच्या नावानं, शेवंती म्हणून हाक मारायचात, आणि विम्याच्या कागदावरही तेच लिहून बसलात!

विमा कचेरीतला साहेब विचारतो, "बाई, ही शेवंती कोण? सवत का?" कारकून फिदीफिदी हसले. वाटलं, दौत ओतावी मेल्याच्या डोक्यावर.

आता म्हणतो, "तुम्हाला शेवंती म्हणणारा साक्षीदार आणा." माहेरी कोणी उरलं नाही. इथं एकच होता. त्याच्या मरणाचा दाखला साहेबाच्याच टेबलावर पडलाय.

तुमची,
शेवंती