बाईच्या शनिवारची तारीख

रिसाली, भिलाई
रविवार, 1 डिसेंबर 2024

माह्या आईले वंदनाचा नमस्कार.

आई, गुडघे कसे आहेत? तेल लावत जा. काल रातभर मले झोप आली नाही. बिमार नाही मी, अन् कमलेशशी भांडण बी नाही. गोष्ट अशी का मले मास्तरीण केलं. सातवीतून घरी बसवलेल्या पोरीले! पंधरा तारखेपासून सतरा लेकरं माह्या भरवशावर. भेव बी वाटते अन् हासू बी येते. मंग कशी झोप लागन?

तुले वाचता येत नाही, तर जो कोणी हे वाचून दाखवन त्यानं हळू वाचा. माहे अक्षर लहान-मोठं आहे.

मी ज्या घरी झाडू-भांडे करतो, ते घर सिपोराबाई रोहेकरचं. ब्याऐंशी वर्षांची बाई, सेक्टर 2 मधी एकटीच राहते. यहुदी आहे. पण कोकणातली, मराठी आपल्यापेक्षा साफ बोलते. पहिल्या दिवशी मी भेत-भेत सांगतलं का आमी तेली होय, तर हासाले लागली. म्हणे, "अगं, कोकणात आम्हालाही शनिवार तेलीच म्हणायचे. तेलाचा घाणा चालवायचो आणि शनिवारी बंद ठेवायचो. चहा टाक दोघींचा."

बासष्ट साली नवऱ्यासंगं इथं आली. नवरा स्टील प्लांटात होता. लेकरू मांडीवर घेऊन बीए केलं, मंग तीस वर्षं शाळेत शिकवलं. रिटायर झाली तं झाडू मारणाऱ्या ठेक्याच्या बायाइले गोळा करून शिकवाले लागली. दारूचं दुकान हटवाले रस्त्यावर बसली, तीन दिवस जेलात राहून आली. तिथं बी एका बाईले सही शिकवली म्हणते! आता छत्तीसगढी गाणे लिहून घेते, चुकलं का मले विचारते. लेक इस्रायलात बोलावते, तं म्हणते, "तिथं मला वर्ग कोण देणार?"

मले बी तिनंच परत लिहाले लावलं. रोज भांडे झाले का एक पान. चुकलं का लाल पेन.

आता कालचं सांगतो. आमी वस्तीतल्या चौदा जणी कामावर जातो अन् लेकरं ठेवाले जागा नाही. म्हणून बाईनं अर्जी लिहिली का रिसालीत पाळणाघर पाहिजे. वार्डात अर्ज्या आयकाचं शिविर भरनार होतं, मोठे साहेब येनार होते. बाईचं नाव लिहाले मी दफ्तरात गेली. बाबू म्हणे, "शनिवार को आओ." मी म्हणलं, "जी." नाव लिहून आली, लय खुशीत.

घरी आल्यावर ध्यानात आलं. तिच्या धर्माची रीत आहे, शुक्रवारी दिवा लागला का शनिवारी चांदण्या दिसेपर्यंत बाई गाडीत बसत नाही, पेन धरत नाही, फोन उचलत नाही. साठ वर्षांत एकडाव बी नाही. हे मले माहीत, दर शुक्रवारी दिव्याची काच मीच घासतो! अन् मीच जी म्हणून आली.

रडत-रडत सांगतलं. बाई म्हणे, "बरं झालं. कोणीतरी शनिवारची तारीख आणावी म्हणून किती वर्षं बसलेय. मी असते तर मीच बोलले असते. तू वाच. आणि मध्ये थांबू नको, खालच्या सहीपर्यंत वाच."

शिविरात माहा नंबर आला. साहेब म्हणे, "कागज़ दे दो." मी म्हणलं, "नहीं सर, बाई ने पढ़के सुनाने को बोला है." सारे हासले. बाजूची तुळसाबाई वरडली, "पढ़ ना ओ, डर मत!" मंग मी वाचलं. दोनदा अडकली, पण सहीपर्यंत वाचलं.

साहेबानं इचारलं, "अभी बच्चे कहाँ रहते हैं?" हे कागदावर नव्हतं.

आई, आता सांगतो. तुले सांगाचं होतं अन् सांगाची हिंमत नव्हती. तुले नातीण झाली आहे. दहा महिन्याची. नाक तुह्यावर गेलं. नाव मनू ठेवलं, तुह्या मनकर्णावरून. तिले मी खाटेच्या पायाले लुगड्यानं बांधून कामाले जात होती. बाईच्या घरी आणली असती, पण दुसऱ्या तीन घरी नाही म्हणत. एक दिवस परत आली तं लुगडं मानेजवळ सरकलं होतं. काई झालं नाही, हासत होती. पण माहा जीव गेला होता.

हेच साहेबाले सांगतलं. मंग कोणी हासलं नाही. सामुदायिक भवनाची एक खोली लिहून देली. लेकरं कोण पाहीन म्हणलं तं साऱ्या बायाइनं माह्याकडे बोट केलं.

चांदण्या निघाल्यावर बाईनं मलिदा केला. भिजवलेले पोहे, नारळ, साखर, इलायची, वरून फळं. तिचा नवस पुरा झाला का एलियाहू नबीच्या नावानं करते. म्हणे, "रीतीनं दहा पुरुष लागतात. इथं कुठून आणू? तुम्ही चौदा जणी बसा." प्रार्थना तिच्या भाषेतली, पण पोथीत अक्षर आपलंच. मले म्हणे, तूही वाच. अर्थ समजला नाही, पण वाचलं!

मी म्हणलं, "पाळणाघराचा नवस होता नं, बाई?"

म्हणे, "छे. पाळणाघर तर भांडून मिळतं. नवस होता तू उभी राहून वाचशील याचा."

हे पत्र तिले दाखवलं नाही. लाल पेन काढन.

आता वाचनाऱ्याले सांगतो. तुमी कोण आहा मले माहीत नाही. आईच्या चुलीमागच्या भिंतीवर कोळशानं नंबर लिहिला आहे, तो माह्या भावाचा, भूपेंद्रचा. मी घरच्याइच्या मर्जीविरुद्ध कमलेशशी लग्न केलं तवापासून तो माहा आवाज आयकला का फोन कापते. तुमचा कापनार नाही. त्याले शाळा शिकवाची म्हणून मले घरी बसवलं होतं, त्याचा राग आता नाही, तेबी सांगा. पंधरा तारखेले रविवारी खोली उघडते. त्यानं आईले गाडीत बसवून आणावं. अन् सांगा का वंदनाचं पत्र आलं, तिनं सोताच्या हातानं लिहिलं, अन् आमाले सहीपर्यंत वाचता आलं.

लावा फोन.

तुमची
वंदना