कोठारामागचं मैदान

हॉरशॅम, ९ ऑगस्ट १९६४

चि. रॉस यास,
अ. उ. आ.

इकडे ऑगस्टची थंडी फार आहे. मी बरी आहे, म्हणजे उठते, चहा करते, कामावर जाते. ॲडलेडला नोकरी लागल्यापासून तुझी एक ओळ नाही. नीट जेवतोस ना, की टिनबंद मटणावरच दिवस काढतोस?

क्लेमची हौसेची छोटी विमानं अजून शेडमध्ये टांगलेली आहेत. ती तू घेऊन जा. मला बघवत नाहीत. दार उघडलं की त्यांच्या इंजिनांतल्या जळक्या एरंडेलाचा वास येतो आणि संतापच होतो. बावीस वर्षं हातातल्या दोन पोलादी तारांच्या टोकाला इंजिनाचं विमान गरगर फिरवणारा माणूस, आणि त्याला डोक्यावरची विजेची तार दिसू नये? गावात म्हणतात, क्लेमसारख्यानं अशी जागा निवडावी! मृत्यूच्या चौकशीत कॉरोनरपुढे तूही तेच सांगितलंस, म्हणजे खरंच असणार. सात महिने झाले, रॉस, मेलेल्या नवऱ्याशी मी रोज भांडते आहे. मामंजी माझ्याकडेच असतात. तेही मुलाचं नाव काढत नाहीत.

कधी येतोस ते कळव. बहिणीवर थोडी माया उरली असेल तर तीही कळव.

तुझी,
लॉर्नाताई


ॲडलेड, १६ ऑगस्ट

ती. ताईस,
सा. न. वि. वि.

विमानं मला नकोत. त्यांना हात लावायची माझी लायकी नाही.

कॉरोनरपुढे मी खोटं बोललो. जागा क्लेमनं नाही, मी निवडली. त्या रविवारी नेहमीच्या मैदानावर क्रिकेटची मॅच होती. क्लेम म्हणाला, चल घरी, लॉर्ना जेवायला थांबली असेल. मीच त्याला गव्हाच्या कोठारामागच्या मैदानावर ओढत नेलं. विजेच्या खांबांकडे बघून म्हणाला, तारा फार जवळ आहेत रे, नको. मी हसलो. म्हटलं, म्हातारा झालास की काय? का बायकोच्या परवानगीची चिठ्ठी आणू?

तो लालबुंद झाला. खांबांपासून चाळीस पावलं मोजून लांब गेला आणि विमानाच्या तारांची मूठ हातात घेतली. मी इंजिन चालू केलं, विमानाचं शेपूट धरून बसलो. त्यानं मान हलवली, मी सोडलं. वारा खांबांकडे होता. दर फेरीला तो पाऊल-दोन पावलं तिकडे ओढला जात होता. मग त्यानं विमान उंच चढवलं आणि त्याच्या तारा विजेच्या तारेला टेकल्या. पुढचं तुला माहीत आहे.

जागा कुणी निवडली असं कॉरोनरनं विचारलं, आणि माझ्या तोंडून क्लेमचं नाव गेलं. ‘मी नाही’ म्हणायला तो काही येणार नव्हता.

शिव्या दे, पण उत्तर दे.

रॉस


हॉरशॅम, २१ ऑगस्ट

चि. रॉस,
आशीर्वाद.

पत्र पोचलं. मामंजींना वाचून दाखवलं. म्हणाले, पुन्हा वाच. दुसऱ्यांदा वाचताना म्हातारा लहान मुलासारखा रडला. माझा पोरगा जपून वागणारा होता, एवढंच म्हणत राहिला. नंतर शेडमध्ये जाऊन अंधार पडेपर्यंत बसले.

मी क्लेमला काय काय बोलले या सात महिन्यांत! ते परत कसं घेऊ? आणि तू घरी आलास, तर दारातच मला तुझं ते हसणं ऐकू येईल. नाताळला येऊ नकोस. कॉरोनरला मात्र खरं काय ते तूच लिही.

मामंजींनी एकच विचारलंय. क्लेम तारांकडे सरकत होता, तेव्हा तू त्याला हाक मारलीस का? त्यांना खरं उत्तर हवं.

लॉर्ना


ॲडलेड, २५ ऑगस्ट

ती. ताईस,
सा. न. वि. वि.

कॉरोनरला पत्र काल टाकलं. लोभ असावा असं लिहायला मला तोंड नाही.

तुझ्या मामंजींना सांग, नाही मारली हाक. विमान सरळ वर चढत होतं. पंखांच्या कागदातून ऊन आरपार दिसत होतं. तो सरकत होता हे मला नंतर, जमिनीवरच्या पावलांच्या ठशांवरून कळलं. तेव्हा मी क्लेमकडे बघतच नव्हतो.

रॉस