सूर्यास्त : चार एकोणपन्नास

डेलोरेन, टास्मानिया
मंगळवार, २१ जून १९९४

चि. कीथ यास,

अनेक आशीर्वाद. (हे सवयीने लिहिलं गेलं. तीस वर्षं तुला पत्र लिहायला घेतलं की हात आपोआप हेच लिहितो. घडलेलं त्याच्यापर्यंत अजून पोचलेलं नाही.)

तुझं पत्र शनिवारी मिळालं. इकडे थंडी मरणाची आहे. सकाळी टाकीचा नळ गोठतो, मग केटलीतलं गरम पाणी ओतून तो सोडवावा लागतो. कोंबड्यांनी अंडी देणं बंद केलंय. ग्वेनचा गुडघा कसा आहे? तिला म्हणावं, थंडीत लोकरी पट्टा बांध, डॉक्टरच्या नादी लागू नकोस.

तुझं पत्र मी तीनदा वाचलं. पहिल्यांदा राग आला. दुसऱ्यांदा हसू आलं. तिसऱ्यांदा नुसतं अक्षर बघितलं. अक्षर तुझं लहानपणापासून सुरेख, आईला त्याचं फार कौतुक होतं. बाकी कौतुक करण्यासारखं तिला काही सापडलं नसावं.

तू लिहितोस, "डॉट, आता तू सुटलीस. कार्ड वेळेवर हाती लागलं म्हणून बरं. मागची खोली तुझ्यासाठी तयार आहे, ग्वेनने ब्लँकेटंसुद्धा काढून ठेवलीत. लोक काय म्हणतील याची काळजी करू नकोस, सगळ्यांची सहानुभूती तुलाच आहे." आणि अगदी शेवटी, जाता जाता, "त्या दिवशी दुकानातून तुला दोनदा फोन लावला. कुणी उचलला नाही. होतीस कुठे?"

या शेवटच्या प्रश्नाचं उत्तर देणार आहे. पण तुझं आधी बाकीचं कौतुक करू दे, नाहीतर ते राहून जाईल.

तर अभिनंदन. बावीस वर्षं बायकांचे कोट विकल्यावर अखेर तुझ्या हातून शौर्याचं काम झालं. साठ वर्षांचा माणूस, अंगात निळा स्कर्ट आणि पायांत माझ्या मापाहून मोठे सपाट बूट, पोटापाण्याला फिरत्या वाचनालयाची गाडी चालवणारा. त्याला तू एकट्याने धरलंस. आता क्लबात त्याचा टेंभा मिरवतोयस असं ऐकते. मिरव बाबा. तुझ्या आयुष्यात मिरवण्यासारखं दुसरं आहे तरी काय?

"सुरुवातीला मी ओळखलंच नाही" असं लिहिलंयस. कीथ, चौतीस नाताळ तो माणूस तुझ्या समोरच्या खुर्चीवर बसून कोकराच्या मांसाच्या चकत्या कापतो आणि त्यातली सगळ्यात चांगली तुझ्या ताटात वाढतो. तू ओळखलंस. कोटांच्या काउंटरवर आलास, बँकेच्या कार्डावरचं "मिसेस डी. टॅटनेल" वाचलंस, मान वर केलीस आणि ओळखलंस. मग तुझ्या चेहऱ्यावर जे हसू आलं ते मला चांगलं माहीत आहे. नऊ वर्षांचा असताना तू शेजाऱ्यांच्या कुत्र्याच्या शेपटीला डबा बांधला होतास, तेव्हाचं ते.

आणि हो, मला माहीत होतं. लग्नाला चार वर्षं झाली तेव्हा कळलं. आधी रडले, मग भांडले, मग एक दिवस त्याच्या स्कर्टची शिवण उसवून नीट घालून दिली, कारण ती बघवत नव्हती. त्याला बाई व्हायचं नाही, कुणी पुरुष नको आहे, काही नको आहे. महिन्यातून एखाद्या दुपारी ते कपडे अंगावर असले की त्याला बरं वाटतं, एवढंच. तू नाही का दर रविवारी होडीत बसतोस आणि एकही मासा न पकडता बिअर संपवून परत येतोस? त्यावर मी ग्वेनला कधी एक शब्द बोललेय का?

आमचे नियम होते. डेलोरेनमध्ये कधीच नाही. लॉन्सेस्टनला जायचं, तेही दिवसाढवळ्या. आपल्या या शहाण्या बेटावरचा कायदा तुला आता तोंडपाठ झाला असेल. पुरुषाने बायकी कपड्यांत सूर्य मावळल्यावर रस्त्यावर दिसायचं नाही, दिसला तर गुन्हा. उजेडात चालतं, अंधारात पाप! हा कायदा करणाऱ्यांना दिवसा डोळ्यांनी दिसत नसावं. राल्फ मात्र तो कायदा अक्षरशः पाळायचा. निघायच्या आधी पेपरात सूर्यास्ताची वेळ बघायची, त्याच्या अर्धा तास आधी गाडीत येऊन बसायचं. उन्हाळ्यात निवांत, हिवाळ्यात नुसती धावपळ. दहा जूनला सूर्यास्त चार वाजून एकोणपन्नास मिनिटांनी होता. वर्षानुवर्षं तो एकदाही चुकला नाही. आणि तू शुक्रवारी सुट्टीवर असतोस हेही आम्ही धरून चाललो होतो. त्या शुक्रवारी तू पाळी बदलून घेतली होतीस. ते आमचं नशीब.

आता कार्डाचं. तू म्हणतोस ते त्याने माझ्या पर्समधून चोरलं. पोलिसांकडे हे त्यानेच लिहून दिलंय, खाली सही केलीय. "बायकोला यातलं काहीही माहीत नाही. कार्ड मी तिच्या नकळत घेतलं. त्या वेळी ती घरी होती." म्हणजे आता कपड्यांचा गुन्हा वेगळा आणि चोरीचा वेगळा. कपड्यांसाठी दंड होईल, लोक हसतील, सहा महिन्यांनी दुसरं काही सापडलं की विसरतील. पण चोरी लागली की नगरपालिका त्याला गाडीवर परत घेणार नाही, हे त्यांनी लेखी कळवलंय. एकोणीस वर्षं त्याने त्या गाडीतून म्हाताऱ्यांच्या दारात पुस्तकं पोचवली. आता तो सकाळी सहाला उठून डबा भरतो आणि स्वयंपाकघरातच बसून खातो.

ते कार्ड मी दिलं होतं, कीथ.

दहा जून हा त्याचा वाढदिवस. साठावा. आजवर तो नेहमी रोख पैसे द्यायचा, मान खाली घालून, मोड न मोजता. मलाच ते आवडायचं नाही. मी म्हटलं, या वेळी माझं कार्ड घेऊन जा आणि चार बायका देतात तसे ऐटीत पैसे दे. तो नको म्हणाला. "नाव विचारलं तर?" म्हणाला. मी म्हटलं, "विचारू दे की! मिसेस टॅटनेल म्हणून सांग. पावती देताना 'थँक यू, मिसेस टॅटनेल' म्हणतात, ते एकदा तरी कानांनी ऐक." आठवडाभर रोज जेवण झाल्यावर जुन्या पाकिटांच्या पाठीवर मी त्याच्याकडून माझी सही गिरवून घेतली. माझा डोरीनचा डी त्याला जमता जमत नव्हता. आम्ही दोघं इतके हसलो की चहा सांडला. तर तुझ्या त्या चोराची शिकवणी घेणारी मी.

सही जुळत होती. काउंटरवरच्या त्या चष्मेवाल्या मिसेस पर्टन तुला तीनदा म्हणाल्या, "सही जुळतेय की हो, मिस्टर ब्रॅमिच." तिसऱ्यांदा तू त्यांना म्हणालास, "तुम्ही हँगर लावा बघू." बिचारीने गप्प हँगर लावले, पण तीनदा बोलली तरी.

मग तुझा खेळ सुरू झाला.

"मॅडम, फोटोचं लायसन्स आहे?"

"घरी राहिलं."

"अरेरे. मग नवऱ्याचं नाव तरी सांगा. नुसता कागद भरायचाय."

"राल्फ."

"काय करतात मिस्टर राल्फ?"

"गाडी चालवतात. पुस्तकांची."

"आणि माणूस कसा आहे म्हणायचा?"

राल्फने काउंटरवरच्या कोटाची बाही सरळ केली. मग म्हणाला, "गरीब आहे. कुणाच्या वाटेला जात नाही."

यावर तू हसलास. गिऱ्हाइकं बघत होती, त्यांनाही तू हसायला लावलंस. मग म्हणालास, "गंमत अशी की ही मिसेस टॅटनेल माझी सख्खी बहीण आहे. तिलाच विचारतो ना!" आणि काउंटरवरचा फोन उचललास. एकदा लावलास, घंटा वाजू दिलीस. पुन्हा लावलास. मग सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणालास, "घरी कोणी नाही. बरोबरच आहे, मॅडम इथे उभ्या आहेत ना!"

आता तुझ्या डोक्यात प्रकाश पडायला लागला असेल. पडू दे, घाई नाही.

वकिलाने मला पोलिसांचा कागद दाखवला. तुझा ठाण्यावरचा फोन चार वाजून वीस मिनिटांचा आहे. ठाणं दोन गल्ल्या पलीकडे. म्हातारा माणूस काठी टेकत आला तरी साडेचारला पोचेल. पण त्या कागदावर असंही लिहिलंय, की दुकानाच्या विनंतीवरून हवालदार पाच वाजता आला. तुझ्या विनंतीवरून, कीथ. तू त्याला खुर्ची दिलीस, पाणी दिलंस, बँकेची लाइन लागत नाही म्हणालास आणि घड्याळाकडे बघत बसलास. तो सारखा म्हणत होता, "कोट नको मला, कार्ड ठेवा तुमच्याकडे, पण जाऊ द्या. उशीर होतोय." उशीर म्हणजे काय हे बाकी गिऱ्हाइकांना कळत नव्हतं, तुला कळत होतं. पाच वाजून पाच मिनिटांनी, रस्त्यावरचे दिवे लागल्यावर, तू त्याचा दंड धरून "चला मॅडम, बाहेर सोडतो" म्हणून त्याला फुटपाथवर आणून उभं केलंस, हवालदाराच्या पुढ्यात. चोर पकडायचा असता तर सव्वाचारलाच पकडला असतास. तुला सूर्य मावळायला हवा होता. आयुष्यभर तुझं स्वतःचं काही चाललं नाही, म्हणून त्या दिवशी कायद्याला हाताशी धरलंस.

तुझ्यासारख्या माणसाचा तिरस्कार करणं फार सोपं आहे. गेले अकरा दिवस मी भांडी घासताना, अंथरूण घालताना तेच करतेय. त्यात वेळ छान जातो. दुसरा कसला विचार करावा लागत नाही.

तर तुझा प्रश्न. होतीस कुठे?

लोकरीच्या गुंड्यांच्या मांडणीपाशी होते. तुझ्यापासून पंधरा पावलांवर, खांबाच्या आड. तू माझ्या घरचा नंबर फिरवत होतास आणि मी तुला तो फिरवताना बघत होते. हे वर लिहिलेलं सगळं मला दुसऱ्या कुणी सांगितलेलं नाही.

एका वाक्याचं काम होतं. "हा माझा नवरा आहे आणि कार्ड मी दिलंय." पंधरा पावलं चालायचं आणि एवढं बोलायचं, साडेचारच्या आत. मिसेस पर्टन तीनदा बोलल्या आणि त्यांचा तो कुणीही नव्हता. पण गिऱ्हाइकांत आमच्या चर्चमधल्या दोघी होत्या, माझ्या कानांत तुझं ते हसणं होतं, आणि मला दिसत होतं की मी बोलले की पुढचं हसणं माझ्यावर. राल्फने एकदाच माझ्याकडे बघितलं. मी खाली बघून करड्या लोकरीचा गुंडा उचलला आणि त्यावरची चिठ्ठी वाचायला लागले, पन्नास ग्रॅम, कोमट पाण्यात धुवा. मग तो गुंडा जागेवर ठेवून बाहेर पडले. समोर लावलेल्या आमच्या गाडीत बसून, काच खाली करून बाकीचं सगळं बघितलं, ऐकलं. हवालदार त्याला घेऊन गेला तेव्हा गाडी सुरू केली आणि एकटी घरी आले.

तो उशिरा टॅक्सीने आला, त्याच कपड्यांत. मला म्हणाला, "तू घरी होतीस असं मी सांगितलंय. तसंच ठेव." बस. लोकरीबद्दल, खांबाबद्दल, मी का निघून गेले याबद्दल आजपर्यंत त्याने अवाक्षर काढलेलं नाही. त्याने एकदा तरी विचारावं म्हणून मी वाट बघते. तो विचारत नाही. तो चोर व्हायला तयार झाला तो माझी अब्रू झाकायला, आणि अकरा दिवस मी त्याला चोर होऊ दिलं. तुला मी दुष्ट म्हणते, पण तू निदान जे केलंस ते उभं राहून केलंस. मी खांबाआडून केलं.

शुक्रवारी कोर्टात तुझी साक्ष आहे. तू नवा टाय लावशील. फोन लावला, बहीण घरी नव्हती, असं सांगशील. सांग, ते खरंच आहे. मग आमचा वकील मला उभं करेल. कार्ड कोणी दिलं, सही कोणी शिकवली आणि चार वाजल्यापासून मी कुठे उभी होते, हे सगळं मी सांगणार आहे. त्या दोघींपैकी एकीचा भाऊ कोर्टात कारकून आहे, म्हणजे रविवारपर्यंत ते चर्चमध्येही पोचेल.

राल्फला यातलं काही माहीत नाही. कळलं तर तो मला हातापाया पडून अडवेल आणि मी अडेन, मला माझी खात्री नाही. म्हणून हेच सगळं लिहून, सही करून आज सकाळीच वकिलाच्या हातात देऊन आले. आता मला पळता येणार नाही.

मागची खोली दुसऱ्या कुणाला द्या.

खाली "तुझी बहीण" लिहिणार नाही. "राल्फची बायको" असं लिहायचं फार मनात होतं. पण ते आधी शुक्रवारी चारचौघांत तोंडाने म्हणेन, मग लिहीन.

डोरीन