पोचपावतीचा नंबर

आरोंदा,
मंगळवार, दुपार

प्रिय सिद्धेश,

"गंगाराम होऽऽऽ!" ही हाक सकाळपासून कानात घुमते आहे. खाडीवर पूल नव्हता तेव्हा लोक पलीकडच्या काठावरून होडीवाल्या गंगारामला अशी हाक घालत आणि होडी येईपर्यंत उन्हात उभे राहत. गणपतीत तू मला तुझं काम समजावलंस ते याच हाकेवरून. एका सॉफ्टवेअरने दुसऱ्याकडे काही मागायची वाट म्हणजे एपीआय. हाक मारून उत्तर येईपर्यंत हलायचं नाही, हे सिंक्रोनस. खांबाला फडकं बांधून आपल्या कामाला जायचं, होडी आली की गंगाराम शंख फुंकेल, हे असिंक्रोनस. आणि रिॲक्टिव्ह म्हणजे काय विचारलं, तर तू आईच्या घावण्यांकडे बोट केलंस. तव्यावरून उतरेल तसं एकेक पानात, आणि खाणाऱ्याने हात आडवा धरला की ती थांबते. चाळीस वर्षं कविता शिकवल्या मी, पण असा दृष्टान्त मला सुचला नसता. आठवडाभर गावभर सांगत फिरलो.

आता माझा संताप ऐक. सावंतवाडीच्या डोळ्यांच्या दवाखान्याचं नंबर लावायचं पान तू केलंस ना? शुक्रवारी मी ते भरलं. 'विनंती मिळाली, क्रमांक ४१७' असं आलं. मी डायरीत लिहून ठेवलं आणि काल सातच्या एसटीने आईला घेऊन गेलो. खिडकीवरची दुर्गा नावाची मुलगी म्हणाली, "मास्तरानू, ह्यो नुसतो पोचेचो नंबर. आजचे नंबर भरले म्हणान तुमका शनिवारीच मेसेज गेलो." मेसेज! आपल्या घरी रेंज विहिरीच्या कठड्यावर चढल्याशिवाय येत नाही, हे तुला जगात सगळ्यात जास्त ठाऊक! चाळीस माणसांदेखत मी त्या पोरीवर असा ओरडलो, की वर्गात कधी ओरडलो नव्हतो. तिने मान वर केली नाही. तुझी आई सगळा वेळ माझा सदरा धरून होती. मला वाटलं, मला आवरते आहे.

अरे, जागा आहे की नाही हे बघायला तुझ्या यंत्राला क्षण लागतो. तेवढं माणसाला थांबवून तोंडावर सांग की! हजार जण एकदम आले तर सर्व्हर सगळ्यांना उभं ठेवू शकत नाही, कबूल. मग रांग आहे म्हणून सांग, पण पोच देऊन घरी धाडू नकोस. तपासणीचा रिपोर्ट दोन दिवसांनी होतो, तो खुशाल मागाहून पाठव. आत कितवा पेशंट गेला ते फळ्यावर सरकत राहू दे, तिथे तुझं रिॲक्टिव्ह शोभेल. पण फडकं बांधून गेलेल्याला शंख ऐकू गेला का, हे गंगाराम बघायचा. तू बघितलंस? आणि आम्हालाही तू तसंच वागवतोस. दोन निळ्या खुणा उमटतात आणि उत्तर रविवारी येतं.

तुला सांगायचं नाही अशी आईने शपथ घातली होती, पण मोडतो. गेल्या गुरुवारी ती घावणे वाढत होती. मी पानावर हात आडवा धरला, आणि तिने तव्यावरचं घावणं माझ्या हातावर ठेवलं. तेव्हा मला कळलं, तिला दिसत नाही. आणि काल तिने सदरा का धरला होता तेही घरी आल्यावर कळलं. शुक्रवारी गावच्या डॉक्टरांनी बॅटरी मारून सांगितलं, काचबिंदू असावा, डावा डोळा गेल्यातच जमा; उजव्यासाठी आठ दिवसांत मोठ्या डॉक्टरांना दाखवा. आज पाचवा. विहिरीवरून फोनवर ओरडलो तर ती ऐकेल, म्हणून हे पत्र शेजारच्या निलेशच्या हाती देतो आहे. तो आज संध्याकाळच्या गाडीने पुण्याला निघतो. पोच नको, सिद्धेश. तू ये. उजव्या डोळ्यात उजेड आहे तोवर तिला तुझं तोंड बघायचं आहे. ती म्हणत नाही. मी म्हणतो.

थांब, बेड्याशी, अंगणाच्या फाटकापाशी, स्कूटर वाजली. खिडकीवरची ती दुर्गा आहे, जेवणाच्या सुट्टीत एवढ्या लांब आलेली. म्हणते, "सकाळपासून फोन लावतंय, तुमचो लागना नाय. उद्या नवाचो एक नंबर रिकामो झालो. काकींका घेवन येतालास मां?" पाणीसुद्धा घेत नाही. माझ्या उत्तरासाठी अंगणात उन्हात उभी आहे.

तुझाच,
बाबा